संकेतस्थळाचे बिऱ्हाड हलवता आले पाहिजे!

नोंदींचे संकेतस्थळ कोणत्या सेवेवर ठेवावे, यापेक्षा ते तिथून उचलता येते का, हा प्रश्न मोठा आहे

खास प्रतिनिधी

रत्नागिरी : नोंद करणे हे एक काम आणि केलेली नोंद टिकवणे हे दुसरे. या दोहोंतील अंतर कोकणाने अनेकदा सोसले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा घरादारांबरोबर लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाचीही हानी झाली. त्याआधी २००५ च्या जुलैमध्येही हे शहर असेच पाण्याखाली गेले होते. जे एकाच ठिकाणी असते, ते एकाच आपत्तीत जाऊ शकते, हा त्यातला साधा धडा.

यावर आज सर्वांच्या तोंडी एकच उपाय असतो : ‘सगळे इंटरनेटवर टाका.’ उपाय योग्य आहे, पण अपुरा. इंटरनेटवरही माहिती हवेत तरंगत नसते. ती कोणाच्या तरी संगणकावर, कोणाच्या तरी जागेत, कोणाच्या तरी अटींवर राहते, आणि तो जागामालक व्यवसाय बंद करू शकतो, भाडे वाढवू शकतो किंवा नियम बदलू शकतो. नव्वदच्या दशकात घरगुती संकेतस्थळांसाठी जगभर लोकप्रिय झालेली ‘जिओसिटीज’ ही सेवा याहू कंपनीने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली आणि तिच्यावरील कोट्यवधी पाने मूळ जागेवरून नाहीशी झाली. हौशी संग्राहकांनी ऐनवेळी धावपळ करून जेवढे उतरवून घेतले, तेवढेच मागे उरले. सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याची ‘गूगल कोड’ ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये थांबली. ‘हेरोकू’ या सेवेने आपली फुकट योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये गुंडाळली. मोठ्या नावांच्या सेवाही कायमच्या नसतात, हे सांगायला एवढी उदाहरणे पुरेत.

म्हणूनच नोंदींचे संकेतस्थळ उभारताना पहिला प्रश्न ‘कोणती सेवा चांगली?’ हा नसावा. ‘ही सेवा उद्या बंद झाली, तर आपले बिऱ्हाड किती वेळात दुसरीकडे हलवता येईल?’ हा असावा. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ‘स्थिर संकेतस्थळ’ या जुन्याच पण अलीकडे नव्याने रूढ झालेल्या पद्धतीत सापडते.

स्थिर म्हणजे काय?

बहुतेक संकेतस्थळे ‘चल’ असतात. वाचकाने पान मागितले की दूरच्या संगणकावरील प्रणाली जागी होते, माहितीच्या साठ्यातून मजकूर शोधते, त्याची मांडणी करते आणि ते पान धाडते. बँक, रेल्वेचे आरक्षण किंवा दुकानाचे संकेतस्थळ यांना हे अपरिहार्य आहे, कारण तिथे प्रत्येक ग्राहकाचे पान वेगळे. परंतु एखाद्या ग्रंथालयाची सूची, यंत्राची माहितीपुस्तिका किंवा ऐतिहासिक स्थळांची नोंद सर्वांना सारखीच दिसायची असते. तिच्यासाठी दर वेळी नव्याने पान रांधण्याची गरज नाही. सर्व पाने एकदाच तयार करून ठेवायची आणि मागेल त्याला जशीच्या तशी द्यायची, ही स्थिर पद्धत. छापील पुस्तकाची प्रत हाती देण्यासारखाच हा प्रकार.

याचे तीन लाभ आहेत. पाने तयार असल्यामुळे ती चटकन उघडतात. मागे माहितीसाठा किंवा चालती प्रणाली नसल्यामुळे घुसखोरीला वाव कमी राहतो आणि सतत डागडुजी लागत नाही. तिसरा लाभ सर्वांत मोलाचा : संपूर्ण संकेतस्थळ म्हणजे अखेर फायलींची एक पेटी, म्हणजेच एक फोल्डर असते. ते पेन ड्राइव्हवर मावते, मित्राकडे ठेवता येते आणि कोणत्याही सेवेवर चढवता येते.

कातळशिल्पांचे उदाहरण घेऊ

रत्नागिरी जिल्ह्याच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे आता जगाला माहीत झाली आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून त्यांचा शोध घेतला आणि नोंदी केल्या. शोधलेल्या आकृत्यांची संख्या हजारावर गेली आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील नऊ ठिकाणांचा समावेश झाला. त्यांत कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी ही सात ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यातील. शिवाय सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसाईमळ.

ही शिल्पे उघड्यावर आहेत. पाऊस, ऊन, चिऱ्याच्या खाणी, रस्ते आणि बांधकामे यांतून जी वाचणार नाहीत, त्यांची नोंद हाच त्यांचा उरलेला अवशेष ठरेल. समजा, एखाद्या महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील अशा ठिकाणांच्या नोंदींचे संकेतस्थळ करायचे ठरवले, तर ते कसे उभे राहील?

प्रथम मजकूर. प्रत्येक ठिकाणाची एक साधी मजकूर-फाईल करायची : गाव, आकृतीचे माप, वर्णन, छायाचित्रे, नोंदीची तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव. शीर्षक, ठळक अक्षरे किंवा यादी दाखवण्यासाठी ‘मार्कडाऊन’ नावाची सोपी चिन्हपद्धत वापरली जाते. शीर्षकाआधी एक चौकडीचे चिन्ह घातले की शीर्षक झाले, इतकी ती सोपी. या फायली कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या लेखन-प्रणालीत उघडतात.

मग बांधणी. ‘जेकिल’, ‘ह्यूगो’, ‘एमकेडॉक्स’, ‘स्फिंक्स’, ‘डॉक्युसॉरस’ अशी अनेक साधने मोफत उपलब्ध आहेत. ती या मजकूर-फायली घेऊन अनुक्रमणिका, मार्गदर्शक पट्टी आणि शोधाच्या सोयीसह तयार पानांचे फोल्डर बनवून देतात. यांपैकी कोणतेही साधन चालेल. पुढे ते बदलले, तरी मूळ मजकूर आपल्याकडे शाबूत राहतो.

तिसरी गोष्ट म्हणजे बदलांची वही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला, हे नोंदवत जाते. तिचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते. रत्नागिरीतील संगणक पुरात गेला, तरी पुण्यातील किंवा गोव्यातील सहकाऱ्याच्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करता येते.

कोणाच्या दारी?

तयार फोल्डर ठेवण्यासाठी आज चार प्रकारच्या जागा मिळतात.

पहिली जागा पारंपरिक भाड्याच्या होस्टिंगची. वर्षाचे ठरावीक शुल्क भरायचे आणि फायली हाताने चढवायच्या. हिशेब सोपा, खर्च आधीच ठाऊक. मात्र शुल्क भरायचे राहिले की संकेतस्थळ बंद पडते, आणि बदल करताना एखादी फाईल चढवायची विसरण्याचा धोका असतो.

दुसरी जागा ‘गिटहब पेजेस’ किंवा ‘गिटलॅब पेजेस’ यांसारख्या सेवांची. जिथे गिटची वही ठेवलेली असते, तिथूनच पाने प्रसिद्ध होतात. गिटहबची ही सोय २००८ पासून आहे आणि साध्या खात्यालाही ती मोफत मिळते. मात्र मोफत खात्यात ती वही सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. संकेतस्थळाचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत असावी, अशी मर्यादा गिटहबने सांगितली आहे. वाचकाने उघडलेले एक पान सरासरी २ एमबीचे धरले, तर महिन्याला सुमारे ५० हजार वेळा पाने उघडता येतील. जिल्हा पातळीवरील संस्थेला हे पुष्कळ झाले. अडचण येते ती छायाचित्रांची. कॅमेऱ्यातून आलेले चित्र ५ एमबीचे असेल, तर हजार चित्रांचे ५ जीबी होतात आणि मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. तीच चित्रे ३०० केबीपर्यंत लहान केली, तर सारी ३०० एमबीत मावतात. मूळ मोठी चित्रे वेगळ्या डिस्कवर, दोन ठिकाणी जपावीत.

तिसरी जागा ‘नेटलिफाय’, ‘व्हर्सेल’ आणि ‘क्लाउडफ्लेअर पेजेस’ यांची. त्या वहीशी जोडून दिल्या की प्रत्येक बदलानंतर आपोआप बांधणी करून पाने प्रसिद्ध करतात. प्रसिद्ध करण्यापूर्वीचा कच्चा खर्डा वेगळ्या पत्त्यावर पाहण्याची सोयही देतात, जी मुद्रितशोधनाला फार उपयोगी पडते. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत २० हजार फायलींची आणि एका फाईलसाठी २५ एमबीची मर्यादा आहे. व्हर्सेलची मोफत योजना वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. अटी बदलत राहतात. त्या स्वतः वाचूनच निर्णय घ्यावा.

चौथी जागा ॲमेझॉनच्या ‘एस३’सारख्या साठवण-सेवांची. जेवढा साठा आणि जेवढी वाहतूक, तेवढेच पैसे. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून सुरू आहे. एस३ची स्थिर संकेतस्थळाची सोय एकटी सुरक्षित, म्हणजे कुलपाचे चिन्ह दाखवणारी जोडणी देत नाही. त्यासाठी ‘क्लाउडफ्रंट’सारखी दुसरी सेवा पुढे जोडावी लागते. नवख्याला हा मार्ग किचकट वाटतो.

राहता राहिला आपल्याच कार्यालयातील संगणक. तो सर्वांत ‘आपला’ खरा; परंतु जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील गावे किती दिवस अंधारात होती, हे आठवले की या पर्यायाचे उत्तर मिळते. आपल्या संगणकावर प्रत अवश्य ठेवावी. वाचकांना मात्र दुसरीकडून वाढावे.

‘फुकट’चा अर्थ

वापरानुसार पैसे आकारणाऱ्या सेवेत खर्चाला वरची मर्यादा आहे का, हे आधी पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफायवर साधे स्थिर संकेतस्थळ चालवणाऱ्या एका व्यक्तीला १ लाख ४ हजार डॉलरहून अधिक रकमेचे बिल आले. कोणीतरी त्यावरील एका ध्वनिफितीच्या फाईलवर मागण्यांचा भडिमार केल्यामुळे वाहतूक अफाट वाढली होती. प्रकरण जाहीर होताच कंपनीने बिल माफ केले. पण जी बाब चर्चेत येत नाही, तिचे काय होते, हा प्रश्न उरतोच. ज्या संस्थेच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात संकेतस्थळासाठी जेमतेम काही हजार रुपये असतात, तिने मर्यादा संपल्यावर बंद होणारी सेवा पत्करावी. मर्यादा संपल्यावर मीटर पळवणारी नव्हे.

अडते कुठे?

सिद्धांत सोपा असला तरी पहिल्यांदा चढवलेले संकेतस्थळ पुष्कळदा नीट दिसत नाही. कारणे ठरावीक असतात आणि ती ठाऊक असली की वेळ वाचतो.

एक, फोल्डरचे नाव. तयार पाने एमकेडॉक्स ‘साइट’ नावाच्या फोल्डरात ठेवते, ह्यूगो ‘पब्लिक’मध्ये आणि डॉक्युसॉरस ‘बिल्ड’मध्ये. सेवेला चुकीचे नाव सांगितले, तर बांधणी झाली तरी पाने नीट प्रसिद्ध होत नाहीत.

दोन, मूळ पत्ता. गिटहबवर प्रकल्पाचे संकेतस्थळ साधारणपणे खातेदाराच्या पत्त्याच्या पोटात, म्हणजे तिरप्या रेघेनंतर प्रकल्पाचे नाव लावून उघडते. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअरवर ते थेट मुळाशीच उघडते. साधनाच्या मांडणी-फाईलमधील मूळ पत्ता, ज्याला डॉक्युसॉरस ‘बेस यूआरएल’ म्हणते, त्यानुसार बदलला नाही, तर मजकूर दिसतो. पण रंगरूप आणि चित्रे गायब होतात. घर बदलल्यावर दारावरची पाटीही बदलावी लागते, तसेच हे. आपले स्वतंत्र नाव घेतले, तर सर्व सेवांवर पत्ता मुळापासूनच सुरू होतो आणि हा प्रश्न उरत नाही.

तीन, इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे. विंडोज संगणक चित्राच्या नावातील पहिल्या अक्षराचे लहान आणि मोठे रूप सहसा सारखेच मानतो. सेवा पुरवणारे लिनक्स संगणक ती दोन वेगळी नावे मानतात. त्यामुळे कार्यालयात दिसणारे चित्र प्रसिद्ध झाल्यावर दिसत नाही. सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवण्याचा नियम केला की हा घोळ टळतो.

चार, खास सोयींचा मोह. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणे, अर्ज भरून घेणे, वाचकांची मोजदाद करणे अशा सोयी प्रत्येक सेवा आपापल्या पद्धतीने देते. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर वळणांसाठी एक विशिष्ट फाईल वाचतात. व्हर्सेलची पद्धत वेगळी. गिटहब पेजेसवर अशी फाईल ठेवण्याची सोयच नाही. जितक्या खास सोयी वापराव्यात, तितके बिऱ्हाड जड होत जाते.

मराठीचे वेगळे प्रश्न

मराठी मजकुराने या प्रवासात एक मोठा फटका आधीच खाल्ला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचा, प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा असे. तो फॉन्ट संगणकात नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसत. त्या काळातील अनेक फायली आज हाती असूनही वाचता येत नाहीत. नोंद उरली, पण तिची लिपी हरवली. म्हणून सर्व मजकूर युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीतच साठवावा आणि जुना असेल तर परिवर्तित करून एकदा डोळ्यांखालून घालावा.

पत्त्यात देवनागरी वापरायची असेल, तर एक गणित ध्यानात ठेवावे. ‘रत्नागिरी’ या शब्दात काना-मात्रा आणि हलन्त धरून नऊ संकेत आहेत. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात, आणि पत्ता नक्कल करून पाठवताना प्रत्येक बाइटचे तीन अक्षरांत रूपांतर होते. म्हणजे एकट्या ‘रत्नागिरी’चा ८१ अक्षरांचा अगम्य शेपटा तयार होतो. शीर्षक मराठीत आणि फाईलचे नाव छोट्या रोमन अक्षरांत, ही तडजोड तूर्त सोयीची.

शोधाचाही प्रश्न आहे. स्थिर संकेतस्थळावर शोधाची सूची बांधणीच्या वेळीच तयार होते. ‘कशेळी’ शोधणाऱ्याला ‘कशेळीत’ आणि ‘कशेळीच्या’ हे शब्द असलेली पाने सापडतीलच असे नाही, कारण आपले विभक्ती प्रत्यय प्रत्येक साधनाला कळत नाहीत. म्हणून प्रत्येक पानावर गावाचे नाव एकदा तरी प्रत्ययाविना लिहावे.

पत्ता आपला, घर भाड्याचे

सेवा बदलली, तरी वाचकाला ते कळू नये, यासाठी स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतंत्र नाव घ्यावे. ‘डॉट इन’ नावे सर्वसामान्यांसाठी २००५ पासून खुली आहेत, तर ‘डॉट भारत’ हे देवनागरीतील रूप २०१४ मध्ये आले. हे नाव आणि होस्टिंग शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवावे. घरमालकाशी बिनसले, तरी पत्ता आपल्या हाती राहतो. नाव कोणाही विद्यार्थ्याच्या, कर्मचाऱ्याच्या किंवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या खात्यावर नव्हे, तर संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ई-मेलवर नोंदवावे. हौसेने संकेतस्थळ बांधून देणारा शिक्षण संपवून मुंबई-पुण्याला जातो आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या विसरलेल्या पत्त्यावर येत राहते. संस्थांची संकेतस्थळे बंद पडतात ती बहुधा अशीच.

प्रत्यक्ष स्थलांतर मग सोपे असते. नव्या सेवेवर पाने चढवून तात्पुरत्या पत्त्यावर तपासायची. नावाच्या नोंदीतील ‘टीटीएल’, म्हणजे जुना पत्ता किती वेळ ध्यानात ठेवायचा याची मुदत, एक-दोन दिवस आधी कमी करायची. नंतर नाव नव्या सेवेकडे वळवायचे, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र मिळाले का ते पाहायचे आणि काही दिवस दोन्हीकडे पाने चालू ठेवून मगच जुनी जागा सोडायची.

एक सावधगिरी मात्र आवश्यक. खुल्या वहीत एकदा लिहिलेले नंतर खोडले, तरी तिच्या इतिहासात ते राहते. अद्याप संरक्षण न मिळालेल्या कातळशिल्पाचे अचूक अक्षांश-रेखांश, जमीनमालकांची नावे किंवा परवलीचे शब्द त्यात प्रथमपासूनच जाता कामा नयेत. नोंद जगासाठी असली, तरी सगळाच तपशील जगासाठी नसतो.

वर्षातून एक दिवस

हे सारे करायला संगणक अभियंत्यांचा ताफा लागत नाही. शिकाऊ विद्यार्थ्यांनाही काही दिवसांच्या सरावात जमेल असे हे काम आहे. मात्र त्यानंतर संस्थेने वर्षातून एक दिवस तालीम करावी : ज्याने हे संकेतस्थळ पूर्वी कधी हाताळलेले नाही, अशा व्यक्तीच्या हाती केवळ मजकुराची प्रत आणि दोन पानांची लेखी सूचना द्यावी आणि दुसऱ्या एखाद्या सेवेवर ते उभे करायला सांगावे. संध्याकाळपर्यंत ते उभे राहिले, तर नोंदी सुरक्षित आहेत असे समजावे. नाही राहिले, तर कुठे अडले ते सूचनेत लिहावे आणि पुढच्या वर्षाची वाट न पाहता तालीम पुन्हा करावी. पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याची रीत कोकणाला नवी नाही. नोंदींच्या छपरालाही तीच लावायची आहे.